कागद देण्यापूर्वीची घटका

परीक्षांचे दिवस जवळ आले, कीं आमच्या घरीं एक प्रसंग ठरलेला असतो. शाळेंतून घरीं लिहून आणावयास सांगितलेला निबंध आमचा पुतण्या आदल्या रात्रीं नऊ वाजतां पुरा करतो, शेवटच्या ओळीखालीं एक लांबलचक रेघ ओढतो आणि कागद आमच्यापुढें टाकून म्हणतो, "काका, एवढा निबंध बघून द्या ना." 'बघून द्या' या दोन शब्दांत किती अर्थ भरलेला आहे, हें ज्यांच्या घरीं शाळेंत जाणारीं मुलें आहेत त्यांना सांगावयास नको. ऱ्हस्वदीर्घ नीट करून द्यावयाचें, अडखळलेलें वाक्य सरळ करून द्यावयाचें, आणि शेवट जमला नसेल तर तोहि, कोणाला न कळत, जमवून द्यावयाचा. आतां तर हें काम करून देणारीं यंत्रेंहि घरोघर झालीं आहेत. काकांची गरज फारशी उरलेली नाहीं. तरी यंदा तो कागद हातांत घेऊन पेन्सिलीला टोंक करतां करतां आम्ही थबकलों. कारण त्या सुमारास चीनच्या जुन्या राजपरीक्षांचा इतिहास आमच्या वाचनांत होता. आणि विद्यार्थ्याच्या कागदांतील सात चुका दुसऱ्या कोणी दुरुस्त केल्या हें उघडकीस येऊन सुरू झालेल्या चौकशींत एका प्रधानाचें शीर धडावेगळें झाल्याची हकीगत आम्ही नुकतीच वाचली होती.

ती हकीगत समजण्यास आधीं त्या परीक्षांची थोडी ओळख हवी. सरकारी अधिकारी परीक्षेनें निवडण्याची चाल चीनमध्यें इसवी सनाच्या सातव्या शतकाच्या आरंभीं सुरू झाली आणि १९०५ सालीं ती कायमची बंद झाली. मध्यंतरींचे खंड धरूनहि तेराशें वर्षांचा हा पसारा आहे. शेवटच्या छिंग राजवटींत तिच्या मुख्य पायऱ्या अशा: आधीं जिल्ह्याच्या परीक्षा, त्यांत उतरला तर तीन वर्षांतून एकदां होणारी प्रांताची परीक्षा, तींत उतरला तर राजधानीची, आणि सर्वांत शेवटीं खुद्द राजवाड्यांत बादशहाच्या नांवानें होणारी. प्रांताच्या परीक्षेला हजारों उमेदवार बसत आणि त्यांतून मूठभर उतरत. उतरलेल्याचें घराणें एका दिवसांत वर येई. न उतरलेला तीन वर्षांनीं पुन्हा येई, पुन्हा तीन वर्षांनीं येई. बाप, मुलगा आणि नातू एकाच परीक्षेस बसल्याच्या गोष्टी तिकडे सांगत असत.

ही प्रांताची परीक्षा म्हणजे आजच्यासारखी तीन तासांची नव्हे. चिनी वर्षाच्या आठव्या महिन्यांत तिच्या तीन बैठका होत आणि प्रत्येक बैठकीसाठीं उमेदवाराला तीन दिवस व दोन रात्री कोंडून घेत. दारावर झडती होई. कपड्यांना अस्तर नको, असा नियम होता, कारण अस्तरांत मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत लिहिलेले निबंध सांपडत. आंत लांबच लांब रांगांनीं कोठड्या. नानकिंगच्या परीक्षामंडपांत अशा वीस हजारांहून अधिक कोठड्या होत्या. कोठडीला तीन भिंती, दार नाहीं, आणि दोन सुट्या फळ्या. दिवसा एक फळी वर अडकवून तिचें मेज करावयाचें व दुसरीवर बसावयाचें. रात्रीं दोन्ही एका पातळीवर आणून त्यांवर पाय पोटाशीं घेऊन पडावयाचें. शिधा, मेणबत्त्या, पांघरूण, पावसाकरितां पडदा, सर्व कांहीं उमेदवारानें बरोबर आणावयाचें. रांगेच्या टोंकाशीं शौचकूप असे आणि त्याच्या शेजारची कोठडी ज्याच्या वांट्याला येई, त्याच्या नशिबाबद्दल इतर सारे हळहळत. अशा जागीं बसून, कन्फ्यूशियसच्या ग्रंथांतील एखादें वचन घेऊन, ठराविक आठ अवयवांचा निबंध लिहावयाचा, आणि तोहि एक नव्हे. सतराव्या शतकांत पहिल्या बैठकीलाच सात निबंध असत.

आतां आमच्या विषयाशीं ज्याचा संबंध आहे तो भाग. उमेदवाराला जी कागदांची वही मिळे, तिचे दोन भाग असत. एक खर्ड्याचा आणि दुसरा, तांबड्या रेघांचा, पक्क्या प्रतीचा. खर्डा आपण आपल्या मनासाठीं लिहितों आणि मग केराच्या टोपलींत टाकतों. तेथें तसें नव्हतें. खर्डाहि द्यावा लागे. पक्की प्रत आहे आणि खर्डा अपुरा आहे, किंवा खर्डा आहे आणि पक्की प्रत अपुरी आहे, असें दिसलें तर कागद बाद. विचार कोठून निघाला, कोठें वळला आणि कोठें स्थिरावला, याचा माग परीक्षकांच्या हातीं असलाच पाहिजे, असा हा बंदोबस्त होता.

बाद होण्याचीं कारणें एवढ्यावर संपत नसत. छिंग राजवटीच्या नियमांत त्यांची एक यादीच आहे आणि ती वाचतांना छाती दडपते. प्रश्नाचे शब्द उतरून घेतांना एखादें अक्षर चुकलें वा गळलें. मध्यें पान कोरें सुटलें. खाडाखोड फार झाली. कागदावर डाग पडला. बादशहाच्या किंवा त्याच्या पूर्वजांच्या नांवांतील अक्षर, किंवा खुद्द कन्फ्यूशियसच्या नांवांतील अक्षर, न टाळतां लिहिलें. सात निबंधांची सुरुवात व शेवट सारख्याच अव्ययांनीं केला. यांपैकीं कांहींहि घडलें, कीं निबंध वाचण्यापूर्वींच उमेदवाराचें नांव बाहेर फलकावर लागे, आणि त्याची ती परीक्षा तेथेंच संपे. निबंध कसा उतरला आहे, हा प्रश्नच मग उरत नसे. शेवटच्या कलमाचें वाचकांना नवल वाटेल. निबंधांची सुरुवात व शेवट कोणत्या अव्ययांनीं केला, याच्याशीं सरकारला काय करावयाचें आहे? त्याचा उलगडा पुढें होईल.

या यादीहूनहि आम्हांला अधिक मोलाचा वाटला तो एक साधा रिवाज. लिहून झाल्यावर उमेदवारानें आपला कागद आरंभापासून वाचावयाचा, सुटलेलें अक्षर बाजूला घालावयाचें, चुकलेलें खोडून नवें लिहावयाचें. आणि मग अगदीं शेवटीं, स्वतःच्या हातानें, नोंद करावयाची कीं अमुक अक्षरें मागाहून घातलीं व अमुक अक्षरें खोडून बदललीं. ही संख्या शंभरांवर गेली तर पुन्हा बाद! म्हणजे चूक सुधारण्यास मुभा होती. पण ती सुधारली आहे हें लपविण्यास मुभा नव्हती. आपल्याकडे व्यवहाराच्या दस्तऐवजांत खोडलेल्या ठिकाणीं सही करावी लागते, त्यांतलाच हा प्रकार. फरक इतकाच कीं येथें तो वीस वर्षांच्या पोराच्या निबंधाला लावलेला. नोंद केल्यानंतर कागदांत एखादें अक्षर जरी कोणी बदललें, तरी हिशेब चुकणार. विद्यार्थ्यानें आपला निबंध तपासून पाहिला आहे, याची याहून सोपी आणि याहून कडक पावती आमच्या पाहण्यांत नाहीं.

ग्रंथ उतरून काढणाऱ्यांची रीत अगदीं उलट होती. त्यांना चूक झांकण्याचें साधन हवें असे, आणि तें त्यांना सांपडलें हरताळांत. जुन्या चिनी ग्रंथांचा कागद कीड लागूं नये म्हणून पिवळा रंगवीत. त्यावर चूक झाली कीं पिवळ्या हरताळाचा एक हात फिरवावयाचा आणि वर नवें अक्षर लिहावयाचें. अकराव्या शतकांतील शेन ग्वो नांवाच्या चौकस विद्वानानें आपल्या टिपणांत सगळ्या उपायांची तुलना करून ठेवली आहे: खरवडलें तर कागद दुखावतो, कागदाचा तुकडा चिकटवला तर तो सुटतो, सफेती लावली तर अक्षर पुरतें बुजत नाहीं, हरताळाचें काम मात्र एका फटकाऱ्यांत होतें. आपल्याकडील पोथ्यांतहि चुकीच्या अक्षरावर हरताळच फिरवीत, आणि त्यावरूनच केलेलें काम पुसून टाकण्याला आपण 'हरताळ फासणें' म्हणतों. (दुकानें बंद ठेवण्याचा हरताळ निराळा, तो 'हाट' आणि 'ताळें' यांतून आला.) गंमत ही कीं चिनी भाषेंतहि हरताळावरून एक वाक्प्रचार रूढ झाला. चौथ्या शतकाच्या सुमारास वांग यान नांवाचा एक सरदार प्रवचन करतां करतां अडला, कीं तेथल्या तेथें आपलें म्हणणें बदली. त्याच्या तोंडांतच हरताळ आहे, असें लोक म्हणूं लागले. आजहि मनास येईल तें बेजबाबदारपणें बोलणाऱ्याला तिकडे हाच शब्द लावतात. एकाच खनिजानें दोन दूरच्या भाषांना आपआपली म्हण द्यावी, आणि दोन्ही म्हणी चूक झांकण्याच्या एकाच संवयींतून निघाव्या, याची आम्हांला मोठी मौज वाटली. परीक्षेच्या कोठडींत मात्र हरताळाला जागा नव्हती.

कागद देण्यापूर्वीं तो पुन्हा पाहण्याची ही घटका किती जड असे, तें फू सुंग-लिंग याच्या आयुष्यावरून कळतें. हा शांतुंग प्रांतांतील माणूस. जन्म १६४० चा. भुताखेतांच्या, कोल्ह्यांच्या रूपानें वावरणाऱ्या स्त्रियांच्या आणि लांचखाऊ न्यायाधिशांच्या सुमारें पांचशें कथांचा त्याचा संग्रह चिनी वाङ्मयांत अढळ आहे. १६५८ सालीं, म्हणजे विशीहि गांठली नव्हती तेव्हां, तो जिल्ह्याच्या पायरीवरील तीनही परीक्षांत पहिला आला. परीक्षकानें तोंड भरून स्तुति केली. प्रांताची परीक्षा हा याच्या हातचा मळ, असें सर्वांना वाटलें असल्यास नवल नाहीं. पण ती परीक्षा त्याला जन्मभर वश झाली नाहीं. एका सधन घरीं मुलांना शिकवून तो पोट भरी आणि तीन तीन वर्षांनीं जिनान शहरीं जाऊन कोठडींत बसे.

१६८७ सालीं तो सत्तेचाळीस वर्षांचा होता. त्या वेळीं लेखणी अशी भरधाव चालली, कीं उलटतांना दोन पानें एकदम उलटलीं आणि मधलें कोरें राहिलें. लिहून झाल्यावर त्यानें कागदावरून नजर फिरविली, तेव्हां तें त्याच्या ध्यानांत आलें. ध्यानांत येऊन उपयोग काय? तांबड्या रेघांची वही एकच. पान फाडतां येत नाहीं, घालतां येत नाहीं, आणि कोरें पान म्हणजे मागाहून कोणी कांहीं भरावयास मोकळी जागा, अशी सरकारची शंका असावी. निबंध उत्तम उतरला होता, असें त्याला स्वतःला वाटत होतें. त्या क्षणीं अंगाला सुटलेल्या गार घामाविषयीं आणि उडालेल्या भानाविषयीं त्यानें मागाहून एक कविता लिहिली आहे. नांव फलकावर लागलें आणि तो घरीं गेला. तीन वर्षांनीं पुन्हा आला, तर दुसऱ्या बैठकीला आजारानें गांठलें. शेवटीं सत्तरी उलटल्यावर, ज्येष्ठतेच्या मानानें, एक कनिष्ठ पदवी त्याला मिळाली. १७१५ सालीं तो वारला, आणि कथासंग्रह छापून निघावयास १७६६ साल उजाडलें.

ही हकीगत वाचून आमचा पहिला विचार असा झाला कीं, पान उलटतांना जर त्यानें एकदां पाहिलें असतें! प्रत्येक बापाच्या व काकाच्या मनांत तोच येईल. दुसरा विचार थोडा उशिरां आला: कीं ज्या तपासणींत कोऱ्या पानाला दिसतें पण भरलेल्या पानावर काय आहे तें दिसत नाहीं, ती तपासणी कोणाची परीक्षा घेत होती?

परंतु सरकारची बाजूहि ऐकून घेतली पाहिजे. हे नियम कोण्या लहरी माणसानें केलेले नव्हते. प्रत्येक नियमाच्या मुळाशीं एकेक लबाडी होती. फार पूर्वीं उमेदवाराचें नांव परीक्षकाला माहीत असे, आणि शिफारशी चालत. सुंग राजवटींत ९९२ सालीं राजवाड्याच्या परीक्षेंत नांवावर कागद चिकटवून तें झांकण्यास आरंभ झाला. मग अक्षराच्या वळणावरून माणूस ओळखूं लागले. तेव्हां १०१५ सालीं कागदांच्या नकला करण्यासाठीं निराळें खातेंच उघडलें, आणि परीक्षकापुढें मूळ कागद न जातां नक्कल जाऊं लागली. आज आपल्या मुलांच्या उत्तरपत्रिकांवर नांवाऐवजीं क्रमांक असतो, ती युक्ति त्या लोकांना हजार वर्षांपूर्वीं सुचलेली होती.

या बंदोबस्तानें कधीं कधीं चमत्कारिक गोष्टी घडत. १०५७ सालच्या परीक्षेंत मुख्य परीक्षक औयांग श्यू होता. त्या काळचा तो सर्वांत मोठा गद्यलेखक. एक निबंध त्याला फार आवडला, पण हा आपल्याच शिष्याचा असणार, याला पहिला क्रमांक दिला तर लोक नांवें ठेवतील, या भीतीनें त्यानें तो दुसरा लावला. नांवावरचा कागद काढून पाहतात तों लेखक निराळाच: सू शी, वय अवघें विशीचें, जो पुढें चीनच्या श्रेष्ठ कवींत गणला गेला. याच निबंधाची दुसरी एक गोष्ट सांगतात, ती आमच्या विषयाला अधिक जुळते. निबंधांत सू शीनें प्राचीन राजा याव् आणि त्याचा न्यायाधीश यांच्यामधला एक प्रसंग दाखला म्हणून दिला होता. परीक्षकांनीं ग्रंथ धुंडाळले, कोठेंहि सांपडेना. भेट झाल्यावर विचारलें, तेव्हां तरुणानें उत्तर दिलें कीं, तसें घडलें असावेंसें वाटलें. म्हणजे दाखला त्यानें रचला होता! औयांग श्यूनें कौतुक केलें म्हणतात. आमच्या मतें तें कौतुक प्रतिभेचें होतें, दाखल्याचें नव्हे. हा भेद निबंध लिहिणाऱ्या मुलांनीं विसरूं नये, कारण सर्वच कांहीं सू शी नसतात.

छिंग राजवटीपर्यंत ही व्यवस्था पराकोटीला पोंचली. उमेदवार काळ्या शाईनें लिही. ती 'काळी प्रत'. नकलनवीस तिची तांबड्या शाईंत नक्कल करीत. ती 'तांबडी प्रत'. मूळांत चूक असेल तर ती चूकहि जशीच्या तशी उतरावयाची, कारण सुधारण्याचा अधिकार त्यांना नव्हता. मग रुजुवात घालणारे दोन्ही प्रती शेजारीं ठेवून ताडून पाहत आणि पिवळट शाईनें खूण करीत. सहायक परीक्षक निळ्या शाईनें लिहीत आणि मुख्य परीक्षक काळ्या. ज्याच्या हातीं जो रंग, त्याची तेवढी जबाबदारी. कागदावर कोणी काय केलें, तें रंगावरून कळावें. निकालानंतर उत्तीर्णांच्या दोन्ही प्रती पेकिंगला जाऊन पुन्हा तपासल्या जात. इतका कडेकोट बंदोबस्त असतां गैरप्रकार कसा व्हावा? पण तो झाला, आणि राजधानींतच झाला.

१८५८ सालची गोष्ट. देशांत ताइपिंगांचें बंड पेटलेलें होतें. त्याचा पुढारी हुंग श्यू-च्वान हाहि याच परीक्षांत पुनःपुन्हा नापास झालेला उमेदवार होता, हें जातां जातां सांगितलें पाहिजे. त्या वर्षीं पेकिंगच्या परीक्षेचा निकाल लागला आणि शहरांत कुजबूज सुरू झाली. सातवा आलेला फिंग लिंग नांवाचा तरुण नाटकवेडा. स्वतः रंगभूमीवर गाणारा. नटांना परीक्षेस बसण्याची बंदी होती. हा सातवा कसा आला? दरबारच्या एका टीकाधिकाऱ्यानें अर्ज केला, बादशहानें चौकशी नेमली, आणि फिंग लिंगची काळी प्रत व तांबडी प्रत शेजारीं ठेवली गेली.

काळ्या प्रतींत सात अक्षरें चुकलेलीं होतीं. तांबड्या प्रतींत तीं सातहि बरोबर होतीं.

चौकशींत निष्पन्न झालें तें असें. तांबडी प्रत वाचणाऱ्या सहायक परीक्षकाला सात ठिकाणीं चुकीचीं अक्षरें दिसलीं. निबंध बरा, मग अशा ढोबळ चुका कशा? नकलनवीसानेंच घाईंत केल्या असाव्या, असें मानून त्यानें त्या दुरुस्त करून टाकल्या. यांत पैसा खाल्ल्याचा पुरावा नव्हता. एका वाचणाऱ्या माणसाचा हात, चूक दिसतांच, आपोआप पुढें गेला, इतकेंच. त्याची नोकरी गेली. फिंग लिंग तर निकालापूर्वींच कैदेंत मरण पावला.

एवढ्यावर प्रकरण मिटलें असतें. पण एकदां दोन प्रती ताडून पाहण्यास बसल्यावर बाकीचे कागदहि काढण्यांत आले, आणि सुमारें पन्नास कागदांत कांहींना कांहीं वांकडें निघालें. त्यांतलाच एक लो हुंग-यी याचा. त्यानें मध्यस्थामार्फत एका सहायक परीक्षकाला चिठ्ठी पोंचविली होती, आणि चिठ्ठींत काय होतें? पहिल्या निबंधाच्या शेवटीं अमुक दोन अक्षरें येतील, दुसऱ्याच्या शेवटीं अमुक, तिसऱ्याच्या शेवटीं अमुक. नांव झांकलेलें, हस्ताक्षर बदललेलें. पण निबंधाच्या शेंपटीला बांधलेलीं हीं अव्ययें नकलनवीस इमानानें उतरवून देणार! सुरुवातीच्या व शेवटच्या अव्ययांवर सरकारचा डोळा कां होता, तें आतां वाचकांच्या लक्षांत आलें असेल. मुख्य परीक्षक बाइ ज्वून हा प्रधानमंडळांतला वृद्ध मुत्सद्दी. त्यानें लो हुंग-यीचा कागद आधीं बाजूला काढला होता. पण घरच्या विश्वासू नोकराच्या गळेपडूपणास वश होऊन दुसऱ्या कोणाचा कागद काढून त्या जागीं तो घालूं दिला. स्वतः पैसे घेतल्याचें शाबीत झालें नाहीं. तरी १८५९ सालीं पेकिंगच्या बाजारांत त्याचा शिरच्छेद झाला. लो हुंग-यी, मध्यस्थ आणि तो सहायक परीक्षक हेहि त्याच वाटेनें गेले. दरबारांत बाइ ज्वूनचे वैरी प्रबळ होते आणि त्यांनीं ही संधि साधली, असें इतिहासकार म्हणतात, तें खरेंच असावें. पण संधि उघडली ती त्या सात अक्षरांनीं.

नियम इतके कडक झाले, कीं पुढें पुढें नियम हाच विषय होऊन बसला, हेंहि लपवून ठेवण्यासारखें नाहीं. निबंधाला प्रथम साडेपांचशें अक्षरांची मर्यादा होती. १६८१ सालीं ती शंभरानें वाढली. १७१५ सालीं राजधानीच्या परीक्षेंत पहिला आलेल्या शांग ज्यू-ई याचा पहिला निबंध बाराशें अक्षरांवर गेल्याचें उघड झालें आणि त्याचें यश काढून घेण्यांत आलें. १७७८ पासून सातशें ही हद्द कायम झाली. राजवाड्याच्या शेवटच्या परीक्षेंत नक्कल होत नसे, मूळ कागदच वाचीत. त्यामुळें तेथें विचारांपेक्षां अक्षराला महत्त्व आलें. छापल्यासारखें काळेंभोर, चौकोनी, एकसारखें वळण घोटण्यांत माणसांचीं उमेदीचीं वर्षें गेलीं. गोंग झि-जेन हा एकोणिसाव्या शतकांतील मोठा विचारवंत १८२९ सालीं शेवटची परीक्षा उतरला, पण अक्षर नियमाबरहुकूम नाहीं म्हणून राजविद्यापीठाला मुकला. त्यानें पुढें या अक्षरपूजेवर एक उपहासाचें पुस्तकच लिहिलें. घरांतल्या बायकासुद्धां आपल्यापेक्षां सुरेख तें अक्षर काढतात, मग त्या मोठ्या हुद्द्यावर कां नाहींत, असें तो म्हणे, अशी त्याची आख्यायिका आहे.

तपासणी ही नेहमीं दारोग्याचीच असते, असें मात्र नाहीं. वर ज्याचें नांव आलें तो औयांग श्यू आपला प्रत्येक लेख भिंतीला चिकटवून ठेवी आणि येतां जातां त्यांत फेरफार करी. एका डोंगरातल्या मंडपावर त्यानें १०४६ सालीं लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. त्याचा खर्डा पुढें कोणा रसिकाला मिळाला. आरंभीं गांवाच्या चहूं बाजूंच्या डोंगरांचें वर्णन करण्यांत कितीएक अक्षरें खर्चिलीं होतीं, आणि शेवटीं तीं सगळीं खोडून केवळ पांच अक्षरांचें एक वाक्य ठेवलें होतें. म्हातारपणीं तो जुने लेख काढून पुन्हा सुधारीत बसे. बायकोनें विचारलें, "या वयांत एवढे कष्ट कशाला? अजून गुरुजी रागावतील अशी भीति वाटते कीं काय?" त्यानें सांगितलें, कीं गुरुजींची भीति गेली; आतां पुढें जन्माला येणारीं पोरें हंसतील, तिची वाटते. चिनी भाषेंत लेखन पारखून घेण्याला 'ढकलणें-ठोठावणें' असा शब्द आहे, तोहि एका परीक्षार्थ्याचाच. नवव्या शतकाच्या सुमारास ज्या दाव् हा कवि परीक्षेसाठीं राजधानींत आला असतां, चांदण्यांतला भिक्षु दार ढकलतो असें म्हणावें कीं ठोठावतो असें म्हणावें, या विचारांत गाढवावर बसून हातवारे करीत चालला होता, आणि थेट हान यू या मोठ्या अधिकाऱ्याच्या लवाजम्यावर जाऊन आदळला. हान यू स्वतः लेखक. शिक्षा करण्याऐवजीं तोहि घोडा थांबवून विचारांत पडला आणि म्हणाला, 'ठोठावतो' बरें. येथेंहि एकानें दुसऱ्याला शब्द सांगितलाच. पण पेच पहिल्याचा होता, आणि तो त्यानें आधीं स्वतः अंगावर घेतला होता.

१९०५ सालीं ही सारी व्यवस्था एका हुकुमानें बंद झाली. नानकिंगच्या कोठड्या पाडून तेथें बाजार आला. कांहीं थोड्या राखून ठेवल्या आहेत, त्या आतां संग्रहालयांत पाहावयास मिळतात. पाश्चात्य देशांत तिचा गवगवा बराच झाला होता. इंग्लंडांत १८५५ पासून हिंदुस्थानच्या मुलकी नोकऱ्या स्पर्धा-परीक्षेनें देण्यास आरंभ झाला, त्या काळच्या वादांत चीनचा दाखला अनुकूल व प्रतिकूल दोन्ही पक्षांच्या तोंडीं होता. मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ सालीं झाली. ज्या वर्षीं पेकिंगच्या बाजारांत बाइ ज्वूनचें डोकें उडालें, त्याच वर्षीं आपल्याकडे न्यायमूर्ति रानड्यांसारखीं मुलें पहिल्यानें त्या परीक्षेस बसलीं, हा निव्वळ योगायोग खरा, पण ध्यानांत राहतो.

तर, पुतण्याचा कागद आमच्या हातांत होता. आम्ही तो वाचून काढला, पेन्सिल न लावतां. नंतर त्याला सांगितलें, "यांत नऊ चुका आहेत. कोठें, तें सांगणार नाहीं." त्यानें आधीं तोंड वांकडें केलें, मग आईकडे पाहिलें, तिनें नजर टाळली. तेव्हां तो कंदिलाजवळ बसावें तसा दिव्याखालीं सरकून, बोट ठेवून ठेवून वाचावयास लागला. पहिल्या वाचनांत तीन सांपडल्या. मोठ्यानें वाचल्यावर आणखी तीन. त्यांत एक वाक्य असें निघालें कीं त्याला कर्ताच नव्हता, आणि तें आम्हीं मोजलेंच नव्हतें. उरलेल्यांसाठीं त्याला थोपवून धरावें म्हणून आम्हीं फू सुंग-लिंगच्या कोऱ्या पानाची गोष्ट सांगितली. ती ऐकून त्यानें घाईघाईनें पानें मोजलीं. खोडलेल्या शब्दांच्या मोजदादीचा रिवाज त्याला इतका आवडला, कीं निबंधाच्या तळाशीं त्यानें आपणहून लिहिलें: 'मागाहून घातलेले शब्द ४, खोडून बदललेले शब्द ११.' एक चूक शेवटपर्यंत त्याला सांपडली नाहीं, ती तशीच गेली. कागद सकाळीं शाळेंत पोंचला. शिक्षकांनीं त्या तळटीपेवर काय शेरा दिला, तें अजून कळावयाचें आहे.